वाबळ्यांचा वीर

अवधूत रिसबूड शुक्रवारी वाबळ्यांकडे गेले ते अळूवड्यांचा रिकामा डबा परत करायला. दोन मिनिटांत निघायचं असं मनाशी ठरवून गेले होते. कुणाकडेही जाताना ते असंच ठरवून जात आणि बहुतेक वेळा खरोखरच दोन मिनिटांत निघत. परदेशात, एजवेअरमध्ये, राहून त्यांना बेचाळीस वर्षं झाली होती. त्यातली तीस कौन्सिलच्या लायब्ररीत पुस्तकं लावण्यात गेली. पत्नी आशाबाई होत्या तोवर चारचौघांत बोलण्याचं काम त्यांच्याकडे होतं. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या, आणि ओळखीतले लोक अवधूतरावांना डबे देऊ लागले. डबा परत करताना काय बोलावं, हे त्यांना अजून जमलेलं नव्हतं.

"आत या हो भावोजी, दारात काय उभे राहता?" अर्चनावहिनी म्हणाल्या. "बूट आतच काढा, बाहेर भिजतील. चहा टाकलाय."

जेवणाच्या टेबलावर कापूस, फुगीर प्लॅस्टिक आणि शॉर्टब्रेड बिस्किटांचा एक रिकामा पत्र्याचा डबा होता, आणि एका ताटलीत देवघरातले चार टाक. घोड्यावरचा खंडोबा, भवानी, बहिरोबा आणि वीर. चांदीच्या पत्र्यावर ठोकून काढलेले असे देव पुष्कळ घरांत असतात. अवधूतरावांच्या आईकडेही होते. पण या चारांवर ओळखू येण्यासारखं फार काही उरलं नव्हतं. खंडोबाचा घोडा आता घोडा आहे असं सांगावं लागलं असतं.

"अनुप उद्या दुपारच्या विमानानं पुण्याला चाललाय," वहिनी चहा गाळता गाळता म्हणाल्या. "ऑफिसचं काम आहे त्याचं. म्हटलं, जातोच आहेस तर देवांचंही करून ये. नाकडोळे पार गेलेत. झिजलेला टाक पुजू नये म्हणतात ना? सासूबाई दहा वर्षं मागे लागल्या होत्या, करून घे, करून घे. आमचा जुना सोनार आहे तिकडे. हे वितळवायचे, त्याच चांदीत थोडी भर घालून नवे घडवायचे, जेजुरीला नेऊन खंडोबाला भेटवायचे आणि परत आणायचे."

"आई, तो डबी छोटा पडतो," अनुप आतून आला. तो चाळिशीचा, इथेच जन्मलेला. मराठी बोलायला लाजत नसे, हे त्याचं मोठेपण. "काका, कसे आहात? बसा ना. तुम्ही नेहमी स्टँडिंगच असतात."

अवधूतराव बसले ते ताटलीसमोर. काहीतरी बघत बसलं की बोलावं लागत नाही, म्हणून ते टाकांकडे बघत बसले. पहिले तीन पातळ होते, कडा तांब्याच्या पत्र्यावर दुमडलेल्या. चौथा मात्र भरीव होता, रुपयाहून चांगला मोठा आणि जाड. एका बाजूला कड किंचित चिरलेली. त्यावर एका माणसाचा उजवीकडे वळलेला चेहरा होता, आणि डोक्यावर चपटं, रुंद असं काहीतरी.

अवधूतरावांनी कप बशीवर ठेवला.

"हा... हा वेगळा दिसतो," ते म्हणाले.

"तो आमचा वीर. खंडोजी." वहिनी समोर बसल्या. "आमच्या ह्यांच्या आजोबांचे आजोबा, त्यांच्याही वरचे कुणीतरी. मराठ्यांची फौज अटकेला गेली ना, तिच्यात होते. ते काही परत आले नाहीत. बरोबरचा एक शिलेदार दीड वर्षानं सासवडला आला आणि त्यांच्या बायकोच्या ओंजळीत हे ठेवून म्हणाला, वहिनी, एवढंच आणू शकलो. तिनं उलटून बघितलं, तर एका बाजूला पागोटं घातलेला माणूस, आणि मागच्या बाजूला त्रिशूळ घेतलेला देव. तिनं तो त्याच दिवशी देवघरात बसवला. तेव्हापासून वीर म्हणून हाच. लोकांचे वीर घोड्यावर असतात, आमचा बिनघोड्याचा."

"घोडा का नाही मग?"

"सासूबाई म्हणायच्या, घोडा तिकडंच मेला!" वहिनी खळखळून हसल्या. "एकोणसत्तर साली पदरात बांधून आणला त्यांनी. बॅगेत ठेवायला तयार नव्हत्या."

अवधूतरावांनी मान डोलावली. मागे त्रिशूळ. त्यांनी चहा संपवला, अळूवड्या छान होत्या असं दोनदा सांगितलं आणि ते निघाले. ताटलीला हात लावायची त्यांची छाती झाली नाही.

घरी येऊन त्यांनी कोटही न काढता कपाटातलं जाड पुस्तक खाली घेतलं.

हे त्यांचं एकमेव वेड होतं, आणि ते बायकोखेरीज कुणाला फारसं ठाऊक नव्हतं. ज्या राजांना लोकांनी देव केलं, किंवा जे स्वतःच देव झाले, त्यांच्या ग्रीक चांदीच्या नाण्यांचं वेड. अलेक्झांडर गेल्यावर त्याच्या एका सरदारानं नाण्यावर त्याचं डोकं काढलं आणि केसांतून मेंढ्याचं वळलेलं शिंग काढलं, देवाचं शिंग. तळहातावर मावेल एवढ्या जागेत एका कारागिरानं माणूस आणि देव यांच्यामधली रेघ अशी पुसली होती की शिंग कुठे उगवतं ते शोधावं लागे. अवधूतराव भिंगातून ते चित्र तासन्‌तास पाहत. म्युझियममध्ये जाऊन काचेला नाक लावत. पण स्वतःचं असं एकही नाणं त्यांच्याकडे नव्हतं, आणि खरं नाणं त्यांनी जन्मात हातात धरलेलं नव्हतं. आपल्यासारख्यानं पुस्तकांत राहावं, असं त्यांचं मत.

एकशे बाराव्या पानावर तो होता. अँटिमॅकस. बॅक्ट्रियाचा, म्हणजे आताच्या अफगाणिस्तानाकडचा राजा, साधारण बावीसशे वर्षांपूर्वीचा. डोक्यावर मॅसिडोनियन लोकांची चपटी टोपी. मागच्या बाजूला समुद्राचा देव पोसायडन, हातात त्रिशूळ. आणि नाण्यावर लिहिलेलं: देव अँटिमॅकस राजाचं. जिवंतपणी स्वतःच्या नाण्यावर स्वतःला देव म्हणवून घेणारे तेव्हा फार नव्हते, आणि त्या मुलखात तर याच्या आधी कुणी दिसत नाही.

पण अवधूतराव भाळले होते ते त्याच्या चेहऱ्यावर. बाकीचे देव झालेले राजे डोळे मोठे करून आभाळाकडे बघतात. हा बघत नाही. हा म्हातारपणाकडे झुकलेला, गालावर सुरकुती असलेला माणूस ओठ मिटून किंचित हसतो आहे. जणू शेजारी कुणीतरी हळूच म्हणालं, काय, देव झालात म्हणे? आणि त्यानं मनावर घेतलं नाही. कोरणाऱ्यानं ते हसू तसंच ठेवलं आणि राजानं ते ठेवू दिलं. दोघांपैकी कोण मोठा, हे अवधूतरावांना कधीच ठरवता आलं नव्हतं.

आणि उद्या हा पुण्याच्या एका मुशीत वितळणार होता.

ते फोनपाशी गेले. मग परत खुर्चीत बसले.

अकरा वर्षांपूर्वी हॅरोच्या एका चर्चच्या हॉलमध्ये नाणीवाल्यांची सभा भरत असे. तिथे एका निवृत्त पोस्टमननं शिंगवाल्या अलेक्झांडरचं नाणं सगळ्यांना दाखवायला आणलं होतं. सहा महिने मागच्या रांगेत गप्प बसलेले अवधूतराव त्या दिवशी उभे राहिले आणि म्हणाले, माफ करा, पण हे नक्कल वाटतं, शिंगाचं वळण चुकलंय. पोस्टमनचा चेहरा पांढरा पडला. त्यानं नाणं रुमालात गुंडाळलं. पुढच्या महिन्यात तज्ज्ञांचं पत्र आलं, नाणं शंभर टक्के खरं होतं. पण तो पोस्टमन पुन्हा सभेला आला नाही, आणि नंतर अवधूतरावही गेले नाहीत.

तेव्हा खऱ्याला खोटं म्हटलं होतं. आता झिजलेल्या टाकाला राजा म्हणून बसलो तर? आणि त्याहून वाईट म्हणजे, ते खरं निघालं तर? मग वाबळ्यांचे खंडोजी कुठे गेले? एका बाईनं ओंजळीत घेतलेला नवरा, तो कुणी परदेशी राजा होता, हे तिच्या घरात जाऊन सांगणारा मी कोण?

संध्याकाळपर्यंत त्यांनी तीनदा नंबर फिरवला. तिसऱ्यांदा अनुपनं फोन उचलला, तेव्हा ते "काही नाही, सहज, प्रवासाला शुभेच्छा" म्हणाले.

शनिवारी सकाळी नऊला मात्र पुस्तक पिशवीत घालून ते वाबळ्यांच्या दारात उभे होते. आदल्या दिवशीपेक्षा धीर वाढला होता असं नाही. फक्त त्या चेहऱ्याला वितळताना पाहणं त्यांना जमत नव्हतं.

"अगंबाई, पुन्हा डबा आणलात की काय?" वहिनींचे केस ओले होते. सोवळ्यातल्या जुन्या साडीवर त्यांनी लोकरीचं जाकीट चढवलं होतं. "बसा. पूजा करून टाकते. जाण्याआधी शेवटचा अभिषेक घालते देवांना."

"वहिनी," अवधूतराव म्हणाले, "तो चौथा पाठवू नका."

"कोण चौथा?"

"वीर. तो टाक नाही. म्हणजे असेलही. मला वाटतं... मी चुकत असेन. पण ते नाणं आहे. ग्रीक. फार जुनं."

अनुप बॅगेची चेन लावता लावता थांबला. "ग्रीक? लाइक, ग्रीसचं ग्रीक?"

अवधूतरावांनी टेबलावर पुस्तक उघडलं. टोपीवर बोट ठेवलं, त्रिशुळावर ठेवलं. वहिनी उभ्यानंच बघत होत्या. मग त्यांनी चष्मा शोधून आणला आणि बसून बघितलं.

"टोपी तीच आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "पण अशी चपटी टोपी तर कुणीही घालेल. आमच्या वीराला असा चेहराच कुठे उरलाय?"

"मागे अक्षरं असतील. उजव्या हाताला, वरून खाली."

अनुपनं टाक उलटा केला. त्रिशूळवाल्या देवाच्या दोन्ही बाजूंना तपकिरी-लाल थर बसला होता, दगडासारखा. हळद, कुंकू, गंध, अडीचशे वर्षांचं.

"थांबा, दसऱ्याला करते तसं चिंच-मिठानं घासते. नाहीतर टूथपावडर..."

"नको!" अवधूतराव एवढ्या मोठ्यानं बोलले की ते स्वतःच दचकले. "घासायचं नाही. जुनं नाणं कधी घासत नाहीत. प्लीज."

"दर दसऱ्याला घासतोय की आम्ही, पुढची बाजू."

"दिसतंय," अवधूतराव क्षीणपणे म्हणाले.

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांना हसू फुटलं. "अनुप, यांना पाणी दे. भावोजी, मग असं करू. तुम्हाला घासायला नको, माझा अभिषेक राहिलाय. कोमट पाणी आणि दूध चालेल ना तुमच्या राजाला?"

ताम्हनात चौथा टाक उपडा ठेवला गेला. वहिनी पळीनं पाणी सोडू लागल्या, ओठांत पुटपुटत. एक पळी, दुसरी, दहावी. अवधूतराव टेबलाची कड धरून वाकले होते. पाणी आधी गुलाबी झालं, मग विटकरी. वहिनींनी कापसाच्या वातीनं नुसतं टिपलं, आणि थराचा एक तुकडा खपलीसारखा उचलून आला. खाली एक गोल होता. त्याच्या पोटात टिंब.

"अजून," अवधूतराव पुटपुटले.

गोलाखाली फणीसारखं एक अक्षर, तीन दाते. मग आणखी एक गोल, रिकामा. मग बेचकी. दूध वरून वाहत होतं आणि त्यातून ती चार अक्षरं वर येत होती, शांतपणे, जणू कालच कुणी ठसा मारला होता. बावीसशे वर्षांपूर्वी बल्ख की कुठल्या गावात घामाघूम झालेल्या एका माणसानं हातोडा मारला असेल. त्यानं मारलेलं ते अक्षर एजवेअरच्या एका सेमीडिटॅच्ड घरात, स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी, जसंच्या तसं होतं. कोरीव काम असावं तर असं. अवधूतरावांच्या डोळ्यांना पाणी आलं, म्हणून त्यांनी चष्मा पुसला.

"काय लिहिलंय?" वहिनींनी विचारलं.

"थेऊ," ते म्हणाले. "म्हणजे... देवाचा. या राजानं स्वतःला देव म्हणवून घेतलं होतं."

"असं लिहिलंय? देव?"

"हो."

वहिनींनी पळी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "मग आमचं चुकलं कुठे?"

अनुप मोठ्यानं हसला. अवधूतराव हसले नाहीत. त्यांना एकदम काहीतरी कळल्यासारखं झालं होतं. त्या काळी किती राजांनी स्वतःला देव म्हणवलं. देवळं बांधली, पुजारी नेमले, चांदीवर नावं कोरली. राज्यं गेली, देवळं गेली, चांदी म्युझियमच्या काचेमागे जाऊन बसली आणि तिच्याखाली नंबर लागले. सगळ्यांचं देवपण संपलं. एकट्या याचं चालू राहिलं. रोज सकाळी स्नान, गंध, फूल, दसऱ्याला नैवेद्य. आणि ज्यांनी केलं त्यांना त्याचं नावही माहीत नव्हतं. नाक-ओठ झिजले ते त्यांच्या बोटांनी. बाजारात अशा नाण्याकडे कुणी ढुंकून बघणार नाही. अवधूतरावांना मात्र पुस्तकातल्या कोऱ्या करकरीत नाण्यापेक्षा हेच मोठं वाटलं.

हे ते जमेल तसं बोलले. तुटक बोलले, पण बोलले. शेवटी म्हणाले, "मी चुकत असेन तर म्युझियममध्ये दाखवता येईल. पण वितळवल्यावर काहीच करता येणार नाही. आणि वहिनी, खंडोजींचं मला फार वाईट वाटतं. हा चेहरा त्यांचा नाही."

अनुप आईकडे बघत होता. "आई, तू ओके आहेस?"

वहिनींनी टाक ताम्हनातून उचलला, पदरानं टिपला आणि हातातच धरून ठेवला.

"त्या बाईला काय ठाऊक नसेल होय, भावोजी?" त्या म्हणाल्या. "नवऱ्याचं तोंड बायको विसरत नाही. तिनं बघताक्षणी ओळखलं असणार की हा आपला माणूस नाही. पण तो शिलेदार एवढ्या लांबून घेऊन आला. खंडोजींच्या कमरेला सापडलं असेल, नाहीतर मुठीत. तिला दुसरं काय मिळणार होतं? तिनं ठेवून घेतला." त्यांनी झिजलेल्या गालावरून अंगठा फिरवला, आणि अवधूतरावांना दिसलं की ही जागा का झिजली. "अनुप, हे तीन पॅक कर. हा जाणार नाही."

"पण तूच म्हणाली होती, झिजलेला पुजायचा नाही. रूल आहे."

"आपले देव आपण मोडू शकतो. मोडतो, परत घडवतो, ते आपल्याला चालतं. दुसऱ्याच्या घरचा वडीलधारा आगीत घालायला आपल्याला कुणी सांगितलंय? हा आला तेव्हा पाहुणा होता, आता घरचा आहे. म्युझियमवाल्यांना बघायचाय तर घरी येऊन बघतील. चहा देईन मी त्यांना."

"ते घरी येत नाहीत, आई. इट डझंट वर्क लाइक दॅट."

"मग मी घेऊन जाईन, पदरात बांधून. आणि संध्याकाळच्या आत परत आणीन." त्या अवधूतरावांकडे वळल्या. "घ्या."

"काय?"

"धरा हो हातात. काल ताटलीपाशी बसून नुसते बघत होतात, मला काय दिसलं नाही?"

अवधूतरावांनी हात पुढे केला. दुसरा हात त्याच्याखाली लावला. त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा नाणं जड होतं, आणि कोमट. दुधाचा वास येत होता. एवढी वर्षं चित्रांत पाहिलेला चेहरा बोटांना फक्त उंचवट्यासारखा लागत होता, कपाळ, टोपीची कड, आणि जिथे हसू असायला हवं तिथे गुळगुळीत सपाट. नमस्कार करावा की नाही, हेही त्यांना ठरवता आलं नाही.

"पण मग खंडोजींचं काय?" अनुपनं विचारलं. "सोनाराला तीन दिले तर वीर मिसिंग. चौथा नवीन बनवायचा की नाही बनवायचा?"

"बनवायचा तर. खंडोजींना का वगळू? चांदी नवी घाल म्हणावं."

"फेस काय सांगू? फोटो नाही ना त्यांचा."

वहिनींनी विचार केला. "हाच सांग," त्या म्हणाल्या. "अडीचशे वर्षं यालाच खंडोजी म्हणतोय, आता दुसरं तोंड कुठून आणू? पण नाक-डोळे नीट कर म्हणावं. आणि हो, घोडा दे म्हणावं या खेपेला." मग थांबून, "नाक कसं होतं हो याचं, भावोजी?"

अनुपनं फोन काढला आणि सोनाराला निरोप लिहायला घेतला. अवधूतराव नाणं तसंच दोन्ही हातांत धरून बोलू लागले. नाक सरळ, टोकाला किंचित जाड. हनुवटी भक्कम, पण खाली मांस सैल पडलेलं, कारण वय झालंय, ते लपवू नका म्हणावं. टोपीची कड पुढे आलेली, तिची सावली कपाळावर पडते. डोळा समोर, वर नाही, आभाळाकडे बिलकूल नाही. गालावर एकच सुरकुती, नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, आणि तिथेच सगळी गंमत आहे, कारण ओठ मिटलेले आहेत पण तो कोपरा वर गेलाय, केसाएवढाच वर, जास्त नेला तर बिघडेल, दात दिसता कामा नयेत, आणि...

"काका, काका, हळू," अनुप म्हणाला. "मी टाइप करतोय."